कोरडी बाजू

गेल्या मे महिन्यात भाचा साताऱ्याहून आठ दिवस आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये कपड्यांच्या दोन जोडांबरोबर एक सीझन बॉल होता. रात्रीची जेवणे झाली की तो कोचावर पाय दुमडून बसे आणि टीव्हीवरचा सामना पाहता पाहता तो चेंडू मांडीवर घासत राही. एकच बाजू, एकाच लयीत, भाकरी थापणाऱ्या हाताइतक्या सवयीने. तिसऱ्या रात्री त्याने पडद्यावरची नजर न हटवता विचारले, "मामा, चेंडू खरखरीत बाजूकडेच का वळतो?" मी एके काळचा मध्यमगती गोलंदाज, त्यातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, म्हणून उत्तर द्यायला मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "अरे, खरखरीत बाजूला हवा जास्त घासते. ती बाजू मागे पडते, म्हणून चेंडू तिकडे ओढला जातो. होडीचं एकच वल्हं पाण्यात धरून ठेवलं की होडी त्या बाजूला वळते ना, तसं." वल्ह्याचा दृष्टान्त मला ऐन वेळी सुचला होता आणि तो मला स्वतःलाच फार आवडला. भाच्याने दोन-चार वेळा चेंडू घासला आणि म्हणाला, "मग रिव्हर्स होताना तो चकाकत्या बाजूकडे का जातो? तेव्हा हवा घासत नाही का?" मी म्हणालो, "ते वेगळं असतं," आणि पाणी प्यायला उठलो.

तहान लागलेली नव्हती.

भाचा परत गेला तरी ते "वेगळं असतं" घरात राहिले. मला उत्तर येत नव्हते याचे फारसे वाईट वाटले नाही. जे उत्तर मी तीस वर्षे खात्रीने बाळगले होते ते एका प्रश्नात कोसळावे, याचे वाटले. ते उत्तर मुळात माझे नव्हतेच. ते मला आझाद मैदानावर, कांगा लीगच्या एका खालच्या विभागातल्या सामन्यात, आमच्या कप्तानाने दिले होते. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे. गुडघ्याखाली गवत, खेळपट्टीवर ओल, शेजारच्या सामन्याचा डीप मिडविकेट आपल्या स्लिपमध्ये उभा, आणि सीएसटीच्या दिशेने चढत येणारे काळे ढग पाहून पंचांशी चाललेली बोलणी. फलंदाजांचे तिथे हाल होत आणि माझ्यासारख्या बेताच्या वेगाच्या गोलंदाजाला दोन तास आपण कोणीतरी आहोत असे वाटत असे. कप्तान बँकेत नोकरीला होता, कमी बोलणारा. त्याचा एकच नियम होता: कोरडी बाजू कोरडी ठेवायची. चेंडू यष्टिरक्षकाकडून पॉइंटकडे, पॉइंटकडून मिडऑफकडे असा फिरत गोलंदाजापर्यंत येई, आणि वाटेत कोणाच्या घामट तळव्याचा स्पर्श खरखरीत बाजूला झाला तर कप्तान त्या माणसाला थेट फाइनलेगला पाठवून देई. त्या कोपऱ्यात पाणी साचलेले असे. "त्या बाजूला हवा पकडते," तो म्हणे, "तिला घाम लावलास तर पकडायची नाही." तो जे करायला सांगत होता ते अचूक होते, कारण तेवढे चुकीचे होते, आणि उपाय लागू पडत असल्यामुळे कारण तपासून पाहण्याची गरज आमच्यापैकी कोणालाच कधी पडली नाही.

चकाकत्या बाजूचा हिशेब घरी चुकता व्हायचा. पांढऱ्या पँटच्या उजव्या मांडीवर वीतभर लांबीचा लाल पट्टा घेऊन मी रविवारी संध्याकाळी परतत असे. तो रक्तासारखा लाल नसे. विटेच्या भुकटीत कुंकू कालवावे तशी त्याची छटा असे, आणि त्याला चामडे, मेण आणि घाम यांचा मिळून एक वास येई. सोमवारी सकाळी मोरीतल्या दगडावर आई ती पँट घासत असे. मी झोपेत तो आवाज ऐकत असे. एका पृष्ठभागाला चमक यावी म्हणून दुसऱ्यावर डाग पाडायचा आणि तो डाग तिसऱ्याने काढायचा, ही वाटणी मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटत असे.

जूनमध्ये मी या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पहिली मदत देवघरातून मिळाली. पंखा बंद असताना उदबत्तीच्या धुराकडे नीट पाहिले तर तो टोकापासून थोड्या उंचीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ जातो. त्यानंतर तो किंचित लचकतो, एक-दोन वळसे घेतो आणि एकदम विस्कटून जातो. खालचा भाग शिस्तीचा, वरचा गोंधळाचा. धूर तोच, हवा तीच. वाऱ्याचे हे दोन स्वभाव आहेत, आणि चेंडू कुठे जाणार ते त्याच्या कोणत्या बाजूवर कोणता स्वभाव आहे यावर ठरते. मी आजवर हवा चेंडूला किती घासते एवढाच विचार करत होतो. खरा प्रश्न हवा चेंडूला किती वेळ धरून राहते हा होता.

1904 च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांटल या 29 वर्षांच्या जर्मन प्राध्यापकाने एक छोटा निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे होते की वस्तूवरून वाहणाऱ्या हवेचा अगदी पृष्ठभागाला टेकलेला कण जागचा हलत नाही आणि थोड्याच अंतरावरची हवा पूर्ण वेगाने जात असते. या दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ थर असतो आणि सगळी भानगड त्या थरात घडते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला सीमास्तर म्हणतात. चेंडूच्या पुढच्या अर्ध्या भागावर हा थर सुखाने सरकतो. सर्वांत रुंद भाग ओलांडला की मात्र पुढे दाब वाढत जातो, म्हणजे चढ लागतो, आणि पृष्ठभागाशी घासून दमलेल्या थराला तो चढत नाही. तो चेंडूची पाठ सोडून सुटतो आणि मागे भोवऱ्यांची रुंद शेपूट तयार होते. चेंडूला मागे खेचणारा अवरोध मुख्यतः या शेपटीचा असतो. ज्या घासण्यावर मी वल्ह्याचा एवढा मोठा दृष्टान्त रचला होता, तिचा वाटा त्यात अगदीच किरकोळ. शिवाय एका बाजूला जास्त घासल्याने चेंडू फार तर स्वतःभोवती फिरू लागेल, उचलून बाजूला जाणार नाही, हे मला पदवी घेताना तरी कळायला हवे होते.

पुढची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडली. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह आयफेल, तोच मनोऱ्याचा आयफेल, उतारवयात वातबोगदा, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून वस्तूवरचे बल मोजण्याचा बोगदा, बांधून गोळ्यांचा अवरोध मोजत होता. 1912 च्या सुमारास त्याचे आकडे आणि गटिंगेनमधल्या प्रांटलच्या प्रयोगशाळेचे आकडे जुळेनात. जर्मन आकडे दुपटीहून मोठे होते. दोन्ही खरे होते. आयफेलकडे वाऱ्याचा वेग जास्त होता, आणि त्या वेगाला गोळ्यावरचा थर शिस्तीचा न राहता विस्कटलेला होता. विस्कटलेला थर दिसायला बेशिस्त, पण तो बाहेरच्या ताज्या, वेगवान हवेला सतत आत ओढून घेतो, त्यामुळे त्याचा दम टिकतो आणि तो चेंडूच्या पाठीला अधिक वेळ धरून राहतो. शिस्तीचा थर समोरच्या बिंदूपासून साधारण 80 अंशांवर सुटतो, विस्कटलेला 120 अंशांच्या आसपास. शेपूट अरुंद होते आणि अवरोध एकदम घटतो. हे सिद्ध करण्यासाठी प्रांटलने 1914 मध्ये काय करावे? त्याने गुळगुळीत गोळ्यावर पुढच्या बाजूला एका बारीक तारेचे कडे बसवले. तारेला अडखळून थर विस्कटला आणि गोळ्याचा अवरोध कमी झाला. घासून, तासून, पॉलिश करून जे साधत नव्हते ते एक अडथळा चिकटवल्याने साधले.

तारेचे ते कडे म्हणजे आपल्या चेंडूची शिवण. टाक्यांच्या सहा रांगा, चामड्यापासून जरा वर उठलेल्या. गोलंदाज शिवण थोडी तिरकी, स्लिपकडे तोंड करून धरतो. ज्या बाजूला हवा शिवणीवर ठेचकाळते तिथला थर विस्कटतो आणि चेंडूच्या पाठीमागपर्यंत वळसा घालून जातो. दुसऱ्या, चकाकत्या बाजूवरचा थर शिस्तीत वाहतो आणि लवकर सुटून जातो. परिणामी चेंडूमागची हवा एका बाजूला फेकली जाते आणि चेंडू विरुद्ध बाजूला, म्हणजे शिवणीच्या, खरखरीत बाजूकडे ढकलला जातो. विमानाला वर उचलणारे बल आणि चेंडूला स्लिपकडे नेणारे बल ही एकाच कुळातली; एक उभे, दुसरे आडवे, एवढाच फरक. मांडीवरच्या घासण्याचा अर्थही इथे लागतो. आपण चेंडूला वेगवान करण्यासाठी चमकवत नसतो. एका बाजूची हवा लवकर निघून जावी म्हणून चमकवत असतो.

गोल्फवाल्यांना हे फार आधी, अपघाताने कळले होते. एकोणिसाव्या शतकात झाडाच्या चिकापासून केलेले गुळगुळीत चेंडू आले तेव्हा खेळून खेळून चरे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा लांब जातो, हे त्यांच्या लक्षात आले आणि ते नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. आजच्या गोल्फच्या चेंडूवर 300 ते 500 खळगे असतात ते शोभेसाठी नसतात. काही विमानांच्या पंखांच्या पाठीवर खिडकीतून बोटभर उंचीच्या पात्यांची रांग दिसते, तिचे कामही तेच: पंखावरून सुटू पाहणाऱ्या हवेला ढवळून चिकटवून ठेवणे, म्हणजे विमानाची उचल अवेळी ढासळत नाही.

चेंडूच्या बाबतीतले बरेचसे नीट मोजमाप रवींद्र मेहता या वायुगतिशास्त्रज्ञाने केले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये शिकून ते पुढे कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात गेले. शाळेत असताना इंग्लंडमधल्या वूस्टर येथे ते आणि इम्रान खान एकत्र होते, हा तपशील वाचून मला उगाचच बरे वाटले. वातबोगद्यात मोजल्यावर चेंडूवरचे बाजूचे बल त्याच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत भरते. चेंडू जेमतेम 160 ग्रॅमचा, म्हणजे हे बल एका अंड्याच्या वजनाएवढे. पण ते हातातून सुटल्यापासून सतत लागत राहते आणि अर्ध्या सेकंदात चेंडूला फूट-दीड फूट बाजूला नेते. इथे माझा आणखी एक समज गेला. चेंडू "उशिरा" वळला असे आपण कौतुकाने म्हणतो, पण तो मुळापासून वळतच असतो. सतत लागणाऱ्या बलाने होणारे विचलन काळाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे एकूण वळणातले जवळजवळ निम्मे वळण शेवटच्या 30 टक्के वाटेत पडते आणि फलंदाजाला वाटते की हा आता वळला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला चेंडू, ज्यावर एका रेल्वेच्या खेळाडूची ऑफस्टंप गेली आणि ज्याचे उशिरा वळणे मी लग्नाच्या पंगतींतून सांगत आलो, तोही बिचारा पहिल्या फुटापासून वळत आला असणार.

दमट हवेचेही तसेच. मैदानावर ढग आले की आमचा कप्तान चेंडू माझ्याकडे टाकून म्हणत असे, "हवा जड झालीय, टाक." प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणजे दमट हवा किंचित हलकीच होते, आणि केवळ दमटपणाने चेंडू अधिक वळतो याचा ठोस पुरावा वातबोगद्यांत मिळालेला नाही. हे वाचूनही माझा विश्वास पूर्ण गेलेला नाही, हे कबूल केले पाहिजे. ढगाखाली चेंडू वळताना मी पाहिला आहे. कदाचित त्या वेळी मीच शिवण अधिक सरळ ठेवत असेन, कारण कप्तानाने मला तसे वाटायला लावले होते.

आता भाच्याचा खरा प्रश्न: रिव्हर्स होताना चेंडू चकाकत्या बाजूकडे का जातो? वेग पुरेसा वाढला की हवेला विस्कटायला शिवणीची वाटच पाहावी लागत नाही; दोन्ही बाजूंचे थर आधीच विस्कटलेले असतात. मग तीच शिवण, जी एरवी मदत करते, ती आधीच विस्कटलेल्या थराला आणखी एक धक्का देते. तो थर जाड होतो, दुबळा होतो आणि दुसऱ्या बाजूच्या थराच्या आधी सुटतो. सगळा खेळ उलटतो आणि चेंडू शिवणीपासून दूर, चकाकत्या बाजूकडे जातो. नव्या चेंडूला हे साधायला ताशी 140 किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेग लागतो. पण शिवणीच्या पुढची बाजू खरखरीत झालेली असेल तर थर लवकर विस्कटतो आणि त्याहून बऱ्याच कमी वेगाला चेंडू उलटू लागतो. पाकिस्तानातल्या कोरड्या, खरवडणाऱ्या मैदानांवर ही विद्या रुजली, सर्फराज नवाझपासून इम्रान, वसीम, वकार अशी हातोहात गेली, यात म्हणूनच काही गूढ नाही. आपल्याकडे श्रीरामपूरच्या झहीर खानने ती अशी आत्मसात केली की धावत येताना तो दुसऱ्या हाताने चेंडू झाकून घेत असे. चकाकती बाजू कोणती हे फलंदाजाला दिसले की निम्मे गुपित फुटते. 2018 मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने खिशात सँडपेपर नेला आणि कप्तान व उपकप्तान वर्षभर घरी बसले, ते याच खरखरीसाठी. सँडपेपरने निघतात ते चामड्याचे काही कण. त्यांनी सरकते ती हवा सुटण्याची जागा, दोन बोटे इकडे की तिकडे.

खरखरीतपणा एकाच चेंडूला एका वेगाला इकडे आणि दुसऱ्या वेगाला तिकडे नेतो. हे "वेगळं" नव्हते. एकाच गोष्टीची ती दोन टोके होती, आणि मी मधूनच उठून पाणी प्यायला गेलो होतो.

गौरी-गणपतीला साताऱ्याला गेलो तेव्हा भाच्याला स्वयंपाकघरात नेले. बेसिनचा नळ बारीक, एकसंध धारेचा सोडला आणि एक डाव दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेजवळ नेली. आपल्याला वाटते की धार डावाला बाहेर ढकलेल. धारेचा स्पर्श होताच डाव आत खेचला गेला आणि तिथेच थरथरत चिकटून राहिला. पाणी त्याच्या पाठीला धरून वळले आणि पलीकडे तिरके पडू लागले. "पाणी तिकडे, डाव इकडे," मी म्हणालो. त्याने स्वतः चार वेळा करून पाहिले, मग नळ मोठा करून पाहिला, मग आत जाऊन चेंडू आणला आणि शिवणीवरून नख फिरवत बराच वेळ गप्प राहिला. मी तेवढ्यात मे महिन्यातले वल्हे मागे घेतले. "म्हणजे तू चुकीचं सांगितलंस," तो म्हणाला. "हो." "आमच्या सरांनीपण तेच सांगितलंय." मी म्हणालो, "सरांना काही बोलू नकोस. ते करायला सांगतात ते बरोबर आहे." ताई दारात उभी राहून हे सगळे पाहत होती. "भांडी घासायचीच असतील तर सकाळचीही पडली आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. रात्री पाऊस झाला होता, अजिंक्यताऱ्यावर धुके होते, आणि ओल्या मातीने चेंडूची कोरडी बाजू दहा मिनिटांत चिखल करून टाकली. त्याचा वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर नसेल, त्यामुळे उलट वळणाचा प्रश्नच नव्हता. पहिले आठ-दहा चेंडू मात्र सुरेख बाहेर गेले. मी यष्टींमागे उकिडवा बसलो होतो आणि तिरकी शिवण न डगमगता माझ्याकडे येताना पाहत होतो. एक चेंडू हातमोज्याच्या बाहेरच्या बोटांना लागून गेला. मी तो डाव्या बाजूला अपेक्षिला होता.

परतलो तेव्हा ताईने त्याची पँट बादलीत टाकण्यापूर्वी उजेडात धरली. उजव्या मांडीवर वीतभर लाल पट्टा होता. साबण लावून तिने दोन्ही मुठींनी तो घासला, पाण्याखाली धरला, पुन्हा घासला. कडा फिकट झाल्या, मधला भाग तसाच राहिला. "आई काय लावायची रे याला?" तिने विचारले. "लिंबू, की रॉकेल?"

मला आवाज आठवत होता. ती काय लावायची ते मी कधी उठून पाहिले नव्हते.